दोन तास थांब

सुहास गमरे लोट्यातल्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होता. वय सेहेचाळीस. ऑपरेटर म्हणून लागला होता, बावीस वर्षांनी काचेच्या केबिनपर्यंत पोचला. वडील, सहदेव गुरुजी, खेडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती, आणि सुहासही प्लांटवर कुणावर ओरडत नसे. कुणाच्या घरी आजारपण असलं की न मागता शिफ्ट बदलून द्यायचा. चूक झाली तर चारचौघांत बोलायचा नाही, बाजूला घेऊन विचारायचा, "काय झालं नक्की?" आणि मग उत्तर ऐकून घ्यायचा. त्याच्या शिफ्टला यायला पोरं धडपडत, ती यासाठीच.

निहार पावसे त्याच्याकडे तीन वर्षं होता. मुरुडचा. वडील खंडू पावसे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी घेऊन जात. त्याआधी हर्णैच्या ट्रॉलरवर खलाशी होते. पाण्यात भरवसा नाही, तू कंपनीत जा, असं म्हणून त्यांनीच निहारला दापोलीच्या कॉलेजात शिकवलं आणि लोट्याला पाठवलं. निहार सव्वीस वर्षांचा होता, कमी बोलणारा. खेडमध्ये दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी गेला की येताना सगळ्या शिफ्टसाठी आईच्या हातचं सुकटीचं कालवण आणायचा.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. पहिली शिफ्ट. गेटवर टँकर येऊन उभा होता आणि त्यात भरायची रसायनाची बॅच अजून उतरायची होती. प्लांट मॅनेजर हर्षद साहेबांचे सकाळपासून चार फोन झाले होते. सव्वानऊला निहार केबिनच्या दारात आला.

"सर, तीन नंबर पंपाजवळ वास येतोय. सील गेलंय असं वाटतं."

सुहासच्या कानाला फोन होता. त्याने माइकवर हात ठेवला. "गळतंय का?"

"थेंब नाही दिसत. पण वास आहे."

सुहासने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन तास थांब. बॅच उतरली की पंप बंद करून बघू."

"बरं सर," म्हणून निहार गेला.

नियम सुहासला पाठ होता. वास आला की पंप बंद, भोवती पट्टी बांधायची, आणि त्या भागात जाणाऱ्या प्रत्येकाने मास्क चढवायचा. नवीन पोरांना हे तोच शिकवायचा. त्या दिवशी त्याने फोन परत कानाला लावला आणि "होतंय साहेब, अकरापर्यंत होतंय," असं सांगितलं.

अकराला दहा मिनिटं असताना सील फाटलं. निहार तेव्हा पंपाजवळच होता. बहुधा पुन्हा एकदा बघायला गेला होता. मास्क त्याच्या गळ्यात लोंबत होता. वाफेचा लोट त्याच्या तोंडावर आला. भोंगा झाला, माणसं पळाली, आणि सुहास हवेच्या टाकीचा मास्क चढवून आत गेला. त्यानेच निहारला ओढून बाहेर काढलं आणि रुग्णवाहिकेत त्याच्याबरोबर बसला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा सगळं संपलेलं होतं.

ऑफिसातला माणूस म्हणाला, "घरी फोन करून सिरियस आहे म्हणून सांगतो. बाकीचं इथे आल्यावर."

"फोन करू नका," सुहास म्हणाला. "मी जातो."

कंपनीची गाडी घेऊन तो निघाला. दापोली ओलांडून मुरुडला उतरेपर्यंत तीन वाजले. खंडू किनाऱ्यावर होते. पुण्याकडचं एक कुटुंब होडीत बसत होतं आणि ते एका लहान मुलीच्या जाकिटाचा पट्टा आवळत होते. कंपनीचा निळा शर्ट घातलेला माणूस सुरूच्या झाडांखालून वाळूत येताना त्यांना दिसला. त्यांनी पट्टा आवळून पूर्ण केला, मुलीला आईजवळ दिलं आणि पुढे आले.

वाटेत सुहासने ठरवलं होतं की आडवळणाने काही सांगायचं नाही.

"खंडूदादा, मी सुहास गमरे. निहारचा इन्चार्ज. आज सकाळी प्लांटवर अपघात झाला. निहार गेला."

 मागून होडीतल्या बाईने विचारलं, "काका, निघायचं ना?" खंडूंनी मागे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. तो हात बराच वेळ तसाच वर राहिला.

मग त्यांनी विचारलं, "त्याची काय चूक झाली काय?"

गाडीत दीड तास सुहास याच प्रश्नाला भीत आला होता. उत्तर त्याच्या ओठांवर होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"चौकशी चालू आहे, दादा."

खंडूंनी मान हलवली, जणू ते उत्तर त्यांना समजलं. दोघं घराकडे चालू लागले. निहारची आई बकुळा अंगणात मासे सुकत घालत होत्या. नवऱ्याबरोबर आलेल्या माणसाच्या शर्टावर निहारच्या शर्टासारखंच कंपनीचं नाव होतं. ते बघून त्यांना आधीच कळलं. त्या ओरडल्या नाहीत. हातातली परात हळूच खाली ठेवली आणि तिथेच बसल्या.

निहारला दुसऱ्या दिवशी मुरुडला अग्नी दिला. सगळी शिफ्ट आली होती. खंडू प्रत्येकाला बसायला सांगत होते.

शनिवारी हर्षद साहेबांनी सुहासला बोलावलं. टेबलावर अहवाल टाइप होऊन तयार होता. कामगाराने धोक्याच्या ठिकाणी मास्क वापरला नव्हता, असं त्यात लिहिलं होतं. खाली सुहासच्या सहीची जागा होती.

"यात खोटं काही नाही," हर्षद म्हणाले. "मास्क गळ्यात होता. तुम्हीच पाहिलंत."

"धोक्याचं ठिकाण आहे हे त्याला कुणी सांगायला हवं होतं, साहेब."

"म्हणजे?"

 निहार केबिनमध्ये आला तेव्हा तिथे तिसरं कुणी नव्हतं. त्याने काही लिहून ठेवलं नव्हतं. निहार बोलून गेलेलं वाक्य जगात आता एकट्या सुहासला ठाऊक होतं.

"मला मंगळवारपर्यंत वेळ द्या," तो म्हणाला.

रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात वंदना होती. दर रविवारी तो जायचा. पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी त्याचा आवाज बंद झाला. बाजूला उभ्या असलेल्या करुणाने, त्याच्या बायकोने, त्याच्याकडे पाहिलं. घरी आल्यावर तिने चहा ठेवला आणि विचारलं, "काय आहे ते सांगा आता. तीन दिवस जेवला नाहीत."

त्याने सांगितलं. सांगताना निहारच्या "बरं सर"पाशी तो दोनदा अडला.

"दुसरा कोणी इन्चार्ज असता ना," तो म्हणाला, "तर निहार त्याच्याशी भांडला असता. त्याला न विचारता पंप बंद केला असता. पण मी ऐकतो, सगळ्यांना माहीत आहे. मी दोन तास थांब म्हटलं म्हणजे विचार करूनच म्हटलं असेल, असं त्याला वाटलं. मी विचार केलाच नव्हता, करुणा. मी फक्त घड्याळ बघितलं."

करुणा पंचायत समितीत कारकून होती. कागदाने माणसाचं काय होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. त्यांची तेजल बारावीला होती. सुहासची नोकरी गेली तर काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिने गॅस बंद करून चहा गाळला.

"तुम्ही सही करणार नाही, हे मला दिसतंय," ती शेवटी म्हणाली. "मग एक करा. कागदावर नंतर लिहा. आधी त्यांच्या घरी जाऊन सांगा. त्यांना हे पेपरातून नाहीतर तिसऱ्याच माणसाकडून कळायला नको."

"त्यांनी मला हाकलून दिलं तर?"

"तर यायचं परत," करुणा म्हणाली. 

सोमवारी सुहासने रजा टाकली आणि एसटीने मुरुडला गेला. या वेळी कंपनीची गाडी घ्यायला त्याला लाज वाटली. दुपारची वेळ होती. पडवीत खंडू बसले होते, डोकं भादरलेलं. बकुळा भिंतीला टेकून होत्या. निहारची धाकटी बहीण भाविका पाणी घेऊन आली. ती दापोलीला शेवटच्या वर्षाला होती.

सुहासने पाण्याचा तांब्या हातात घेतला नाही.

"दादा, तुम्ही मला त्या दिवशी विचारलंत, निहारची काही चूक झाली का. मी नीट उत्तर दिलं नाही. त्याची काही चूक नव्हती. पंपाला वास येतोय हे त्याने मला सकाळीच येऊन सांगितलं होतं. पंप तेव्हाच बंद करायला हवा होता. ते माझं काम होतं. मी त्याला दोन तास थांब म्हटलं. टँकर उभा होता, वरून फोन येत होते. पण थांब मी म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही."

अंगणात कोंबड्या चोची मारत होत्या. बकुळा उठल्या आणि आत गेल्या. आतलं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

भाविका तशीच उभी होती. "मग हे आत्ता का सांगताय?" तिने विचारलं. "त्या दिवशी किनाऱ्यावर का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कशाची? बाबा तुम्हाला मारतील याची?"

"नाही. ते मारणार नाहीत, हेच जास्त कठीण होतं." तो थांबला. "नोकरीचीही भीती वाटली. खोटं कशाला बोलू."

खंडू इतका वेळ जमिनीकडे बघत होते. त्यांनी बोटाने सारवणावरची एक काडी उचलली.

"घरी आला की तुमच्याच गोष्टी," ते म्हणाले. "आमचे सर आयकून घेतात. दुसऱ्या शिफ्टला शिव्या देतात, आमचे सर नाय. म्हाताऱ्या, तू काळजी करू नको, म्हणायचा मला."

सुहासला वाटलं होतं की ते ओरडतील, आणि तो ऐकून घेईल. ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. या बोलण्याची नव्हती. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण दुसऱ्याच्या घरी, त्यांच्या दुःखात, आपण रडायचं नाही, हे लक्षात येऊन त्याने हात काढले.

"कंपनी काय लिवते?" खंडूंनी विचारलं.

"मास्क घातला नव्हता म्हणून. म्हणजे त्याची चूक, असं होतं ते."

"आणि तुमी?"

"मी आत्ता सांगितलं तेच लिहून देणार. उद्या."

"द्या मग," खंडू म्हणाले. "पोरगा गेला तो गेला. त्याच्या नावावर चूक नको." ते उठले आणि खुंटीवरचा टॉवेल घेऊन मागच्या वाडीत निघून गेले. भाविकाने तांब्या उचलला. सुहास थोडा वेळ रिकाम्या पडवीत बसला आणि मग उठून गेला.

मंगळवारी त्याने हर्षद साहेबांच्या टेबलावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेली दोन पानं ठेवली. हर्षदनी ती वाचली, चष्मा काढला आणि पुन्हा वाचली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही वर माणसं होती, त्यांनाही फोन येत होते.

"गमरे, तुमच्याकडे कुणीही बोट दाखवलेलं नाही. हे कुणाला माहीतसुद्धा नाही."

"मला माहीत आहे."

"यावरून तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. कंपनी तुमच्या मागे उभी राहणार नाही. मी उभा राहू शकणार नाही."

"हो साहेब."

"त्या घराला मदत व्हायची ती होईलच. मग तुम्ही स्वतःला कशाला अडकवताय?"

 "साहेब, त्या प्लांटवर उद्या सकाळी पन्नास माणसं येणार. त्यांतल्या कुणाला वास आला, तर तो सांगेल का? निहारने सांगितलं आणि शेवटी चूक त्याचीच ठरली, असं झालं तर पुढचा माणूस सांगणारच नाही. नाक दाबून काम करेल."

 हर्षदनी पानं ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथेच राहतील की काय, म्हणून सुहासने एक प्रत कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिली.

पुढचं सगळं सावकाश झालं आणि त्यात आनंद वाटावा असं फारसं काही नव्हतं. अहवालातलं कामगाराच्या चुकीचं वाक्य काढून टाकलं गेलं. सुहासला आधी निलंबित केलं, मग काढलं. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. खेडच्या कोर्टात तारखा पडू लागल्या. वस्तीतले काही जण त्याला पाठीवर थोपटून गेले, काही जण म्हणाले की आपल्यातला एक माणूस त्या खुर्चीपर्यंत गेला होता, त्याने ती अशी सोडायची नव्हती. सहदेव गुरुजी ऐंशीचे होते. त्यांनी दोन पानांची प्रत मागून घेतली, वाचली आणि एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक दाखवली.  पण त्या संध्याकाळी ते सुहासच्या शेजारी ओटीवर बराच वेळ बसले, एरवी ते लवकर आत जायचे.

सुहासला खेडच्या भरणे नाक्यावर एका पाइप आणि मोटारींच्या दुकानात काम मिळालं. एकदा शिफ्टमधला रितेश तिथे नळाची तोटी घ्यायला आला. उगाच रेंगाळला. मग म्हणाला, "सर, परवा दोन नंबरला वास आला. आम्ही बंद केला पंप. हर्षद साहेब आले खाली. बराच वेळ नुसते उभे राहिले, मग म्हणाले, ठीक आहे."

"चांगलं केलंत," सुहास म्हणाला. रितेश गेल्यावर तो दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिला. निहारने असंच बंद केलं असतं तर तो त्याला रागावला असता का? नसता. कधीच नसता. निहारला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि ते तसं तोंडाने सुहासने त्याला कधी सांगितलं नव्हतं. नियम शिकवले होते. मला न विचारता बंद कर, मी तुझ्यामागे आहे, एवढं एक वाक्य तीन वर्षांत राहून गेलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी खंडूंचा फोन आला. पावसाळा सरून होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या होत्या.

"गमरे साहेब, बकुळा तुमाला बोलवते. येवा एकदा."

तो गेला. बकुळा त्याच पडवीत बसल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. त्या घरात त्याने त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. खंडू खांबाला टेकून उभे राहिले. बकुळांनी सुहासला समोर बसायला खूण केली.

"मला एक विचारायचा हाय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना विचारलाय मी. डॉक्टर म्हणाला, लगेच गेला, त्याला कळलाच नाय. त्याचे मित्र पण तेच म्हणतात. कंपनीचा माणूस पण तेच म्हणाला. सगळी एकच सांगतात. तुमी त्याच्याबरोबर होतात. तुमी सांगा. त्याला त्रास झाला काय?"

सुहासने खंडूंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली नाही, काही खूणही केली नाही.

हो म्हणणं म्हणजे या बाईच्या उरलेल्या आयुष्यात ते दुखणं आणून ठेवणं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि ते सगळ्यांनी दयेपोटीच म्हटलं होतं. पण गेले आठ महिने त्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, म्हणजे त्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. त्या एकट्याच ते मनात रोज बघत होत्या.

"झाला, वहिनी," तो म्हणाला. "वीसेक मिनिटं. श्वास घेता येत नव्हता."

बकुळांनी पदर तोंडावर दाबला. पण नजर हलवली नाही.

"शुद्धीत होता?"

"बराच वेळ होता. मी त्याचा हात धरला होता. त्यानेही घट्ट धरला होता."

"काय म्हणाला?"

"बोलता येत नव्हतं. एकदा पाणी मागितलं, खुणेने. रुग्णवाहिकेतल्या माणसाने नको म्हटलं होतं, म्हणून मी दिलं नाही. ओठ ओले केले फक्त, रुमालाने. मग जगबुडी नदीचा पूल आला तेव्हा त्याचा हात सैल पडला."

बकुळा रडू लागल्या. आठ महिन्यांत त्या अशा रडल्या नव्हत्या, हे खंडूंच्या तोंडावरून कळत होतं. ते येऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. दोघांनी मिळून त्या वीस मिनिटांचं दुःख केलं, आणि सुहास त्यांच्यासमोर मान खाली घालून बसून राहिला. उठून जाणं त्याला जमलं नाही आणि समजूत घालायचा त्याला हक्क नव्हता.

बऱ्याच वेळाने बकुळांनी डोळे पुसले.

"एकटा नव्हता, ता बरा झाला," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "खरा सांगितलात. आता परत येऊ नका. राग म्हणून नाय. तुमाला बघितला की मला तो दिसतो, तुमच्या केबिनच्या दारात उभा."

"नाही येणार, वहिनी," सुहास म्हणाला.

खंडू त्याला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले.  गाडी आल्यावर खंडूंनी त्याच्या खांद्याला हात लावला, क्षणभरच, आणि किनाऱ्याकडे वळले. तिथे कुणीतरी होडीसाठी त्यांची वाट बघत उभं होतं.

सुहास घरी पोचला तेव्हा करुणा भाजी निवडत होती. तिने काय झालं ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा.

"मग?" करुणाने विचारलं.

"मग काही नाही," तो म्हणाला. तो तिच्याजवळ बसला, आणि मेथीची एक जुडी पुढ्यात ओढून पानं खुडू लागला.